पाचवीच्या प्रवेशाला २,३५० रुपये, माफीचा अर्ज कुणाकडे करायचा?

डिचोलीची_आई
धाकटी चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत होती, फीचा प्रश्नच आला नाही. आता पाचवीला अनुदानित हायस्कुलात घातली, तर ऑफिसात चिठ्ठी हातावर ठेवली. टर्म फी, कॉम्प्युटर, पालक-शिक्षक संघ, स्नेहसंमेलन, डायरी, मिळून २,३५०. खाण बंद पडल्यावर आमचा ट्रक विकला, घरवाला आता दुसऱ्याची पिकअप चालवतो. मी गणेश चवथीला नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) ऑर्डरी घेते, पण फी काही चवथीपर्यंत थांबत नाही. माफी मिळते का, असं विचारलं तर क्लार्क सगळ्यांसमोर म्हणाला, "हप्त्याने भरा." पुढे विचारायचा धीरच झाला नाही.

निवृत्त_मास्तर
ताई, क्लार्कला विचारूच नका, अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. ६ ते १४ वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी शाळेत तो सगळ्यांनाच मिळतो. अनुदानित शाळेने मात्र, कलम १२ प्रमाणे, जेवढ्या प्रमाणात अनुदान मिळतं तेवढ्या मुलांना मोफत शिकवायचं, आणि ते २५ टक्क्यांहून कमी चालत नाही. त्यामुळे "आमची सरकारी शाळा नव्हे" एवढ्यावर तुम्हाला परत पाठवता येणार नाही. प्रवेशासाठी देणगी मागितली असती तर कलम १३ खाली दहापटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमच्या चिठ्ठीत देणगी दिसत नाही, तेव्हा तो मुद्दा काढून उगाच वाद नको. कुठली रक्कम कशाची, तेवढं लेखी मागा.

साखळीकर
मास्तरांचं बरोबर, पण कायदा तोंडाने सांगून आमच्याकडे काही हललं नव्हतं. मामलेदार कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला काढला, अर्जाच्या दोन प्रती केल्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारून घेतला. शिक्का बघितल्यावर ऑफिसातला सूरच बदलला! कॉम्प्युटर आणि संमेलनाचे पैसे सुटले, संघाचे भरावे लागले. उत्तरच आलं नाही तर तीच प्रत घेऊन तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.
आणि दाखला जपून ठेवा. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची, परीक्षा असते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि मूल त्यात निवडलं गेलं, तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववीपासून हा मोफतचा कायदा नाही, तेव्हा ते पैसे कामी येतात.

डिचोलीची_आई
अर्जात ट्रकाचं लिहू का? घरवाल्याला लाज वाटते.

निवृत्त_मास्तर
ट्रकाचं नको. "उत्पन्नाचा दाखला जोडला आहे" एवढं पुरे.

डिचोलीची_आई
दाखल्याला अर्ज दिला आज. शाळेत सोमवारी जाते, शिक्क्याशिवाय परत येत नाही.