मदत हवी आहे : म्हशीच्या दुधाची कल्चर तपासणी (दुधातला जंतू वाढवून ओळखणं) जळगाव-धुळ्याकडे कुठे होते?

चोपडा तालुका. जाफराबादी म्हैस, तिसरं वेत. मागच्या उजव्या सडाला दगडी (कासेची सूज, मस्टायटिस) झालीये. पहिल्या धारांत दह्यासारख्या गुठळ्या येतात. डॉक्टरांनी सेफ्ट्रियाक्झोन या अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला, सडात ट्यूबही सोडल्या. सूज उतरली, पुन्हा आली. दूध डेअरीला घालणं बंद आहे.

आता जो तो आणखी भारी इंजेक्शन सुचवतोय. जंतू कोणता, तो कशाला दाद देतो, हे न बघता औषधं बदलत गेलो तर पुढे कुठलंच लागू पडणार नाही, आणि यातली बरीच औषधं माणसांनाही लागतात! डॉक्टरही कल्चरला तयार आहेत. पुण्याला औंधची प्रयोगशाळा माहीत आहे, पण बर्फातला नमुना तिथवर नेणं अवघड.

जवळपास कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जंतू ओळखून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघणं) कुठे होते? शेवटच्या इंजेक्शननंतर किती दिवसांनी नमुना घ्यावा?