कायद्याच्या शिक्षकाने एआय कुठून शिकावं? (पैसे शून्य, वेळ आठवड्याला २ तास)

करारनामा:
नमस्कार मंडळी. मी करार कायदा शिकवते, शिवाय मूट कोर्टही (मुलांचा खटला चालवायचा सराव) माझ्याच गळ्यात आहे. गेल्या सत्रात मुलांचे मेमो (निकालांचे दाखले देऊन लिहिलेली कायदेशीर टिपणं) इतके गुळगुळीत आले की कोणता कोणाचा ते ओळखू येईना. विभागप्रमुख म्हणतात 'एआय साक्षर व्हा', म्हणजे नेमकं काय करा ते सांगत नाहीत. प्रोग्रॅमिंग शिकायचं नाहीये. पुढच्या सत्राआधी मेमोची असाइनमेंट बदलायची आहे, बस्स. खिशातून काही घालायचं नाही. विभागाची एक दिवसाची कार्यशाळा आहे, तिला जाण्यात काही अर्थ आहे का?

कलमबहाद्दर:
करायचं तर नीट करा. मी सहा महिन्यांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केला. फी दणदणीत आहे आणि रोज दोन तास जातात, पण वसूल. शेवटच्या प्रकल्पात माझा नंबर वरचा होता. प्रमाणपत्र केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय. कार्यशाळा म्हणजे चहा आणि स्लाइड, जाऊ नका.

उलटतपासणी:
@कलमबहाद्दर, पैसे शून्य असं शीर्षकातच लिहिलंय हो. आणि त्या कोर्समधलं आज वर्गात काय वापरता, ते जरा इस्कटून सांगा.

कलमबहाद्दर:
तयार प्रॉम्प्टची, म्हणजे एआयला द्यायच्या सूचनांची, भलीमोठी फाईल मिळते.

उलटतपासणी:
म्हणजे नवी आवृत्ती आली की फाईल रद्दीत. असो. कार्यशाळेबद्दल मात्र सहमत, वेळेचा अपव्यय.

जुनी_फाईल:
बंदी घाला. पेन, कोरा कागद, तीन तास. आम्ही डायजेस्टचे, म्हणजे निकालांच्या सारांशांचे, खंड उपसून निकाल काढायचो. एक शोधताना आजूबाजूचे चार डोळ्यांखालून जायचे आणि तेच पुढे कोर्टात कामाला यायचे. आता मुलांना फक्त हवा तो परिच्छेद मिळतो.

तळटीप:
ताई, मी लॉ लायब्ररीत आहे, शिक्षक मंडळी माझ्याकडे हेच विचारत येतात. कोर्स राहू द्या. 'माटा विरुद्ध एव्हियांका' या प्रकरणातला न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाचा जून २०२३ चा आदेश वाचा, फुकट मिळतो. वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निकाल दाखल केले, ते अस्तित्वातच नव्हते. त्यातला 'व्हर्गीज विरुद्ध चायना सदर्न एअरलाइन्स' खरा आहे का, असं त्यांनी चॅटजीपीटीलाच विचारलं, तर ते हो म्हणालं! न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलर दंड केला. दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, त्या बनावट निकालातला तर्क कुठे घसरतो हे आदेशात दाखवलंय. वर्गात वाचायला तोच भाग घ्या.

आता असाइनमेंट. मेमो तुम्हीच एआयकडून लिहून घ्या, मुलांना तो तपासायला द्या. प्रत्येक दाखल्यापुढे तीन रकाने: निकाल अस्तित्वात आहे का, उद्धृत केलेला परिच्छेद त्यात आहे का, आणि मेमो म्हणतो तेच तो परिच्छेद म्हणतो का. पहिला रकाना पटकन भरतो. मुलं अडकतात तिसऱ्यात, कारण तिथे अख्खा निकाल वाचल्याशिवाय सुटका नाही.

सनद_आहे:
हे फुकटच्या चॅटबॉटचं झालं. वकिलीसाठीची पैसे देऊन घ्यायची साधनं तसं करत नाहीत. आणि चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ हे मॉडेल अमेरिकेत वकिलीच्या परवान्यासाठी असलेल्या बार परीक्षेत पहिल्या दहा टक्क्यांत आलं होतं, विसरू नका.

तळटीप:
दोन्ही तपासून घ्या. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लेक्सिस आणि वेस्टलॉ या निकाल शोधायच्या सेवांची एआय साधनं तपासली, तेव्हा १७ ते ३३ टक्के उत्तरांत थापा निघाल्या. निकाल खरा, पण तो म्हणतो भलतंच, हाही प्रकार त्यात आहे. आणि बार परीक्षेचा तो दावा चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा स्वतःचा, २०२३ चा. २०२४ मध्ये एका संशोधकाने नुसत्या उत्तीर्णांशी तुलना केली, तर निबंधात जीपीटी-४ साधारण १५व्या पर्सेंटाइलवर आलं, म्हणजे शंभरातल्या जेमतेम पंधरांच्या पुढे. म्हणजे लेखी युक्तिवादातच कच्चं, आणि आपण शिकवतो तेच.

सनद_आहे:
मॉडेलं तेव्हापासून कितीतरी सुधारलीत. माझ्या ऑफिसात ज्युनिअरपेक्षा बरा मसुदा देतात.

उलटतपासणी:
मग ज्युनिअर सीनिअर कधी होणार?

न्यायप्रविष्ट:
सरळ एआय पकडणारं सॉफ्टवेअर घ्या. नाही, थांबा, घेऊच नका. आमच्याकडे घेतलं, आणि पहिला पकडला गेला तो वर्गातला सगळ्यात कष्टाळू मुलगा. इंग्रजी त्याची घरची भाषा नाही, वाक्यं साधी आणि एकाच घाटाची. बिचारा कच्च्या मसुद्याची वही घेऊन समितीपुढे उभा. समितीने वही उघडलीसुद्धा नाही, सॉफ्टवेअरने दाखवलेला एआयचा टक्का बघितला.

निशिगंध_:
+१. २०२३ च्या एका अभ्यासात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निम्म्याहून जास्त निबंध अशा साधनांनी यंत्राचे ठरवले होते. ओपनएआयनेही आपलं स्वतःचं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

कलमबहाद्दर:
आमच्या कोर्समध्ये हे सगळं होतं.

मूटमास्तर:
कोणी एव्हियांका प्रकरण सांगितलं का? न्यूयॉर्कच्या वकिलांनी खोटे निकाल दाखल केले होते. ते वाचा.

उलटतपासणी:
वर वाचा मास्तर.

निशिगंध_:
एक कोणीच बोललं नाही. लीगल क्लिनिकमधली (कॉलेजच्या कायदा सल्ला केंद्रातली) अशिलाची कागदपत्रं किंवा मुलांच्या उत्तरपत्रिका सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका, नाव खोडूनही नाही. तथ्यांवरून माणूस ओळखू येतो. अमेरिकन बार असोसिएशनचं जुलै २०२४ चं मत क्रमांक ५१२ गोपनीयतेवर चांगलं आहे. अशिलाची माहिती अशा साधनात घालण्याआधी त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी, आणि वकीलपत्रातलं ठरावीक छापील कलम त्यासाठी पुरत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. करार शिकवताय, तर हे कलम वर्गात लिहायला द्या.

जुनी_फाईल:
पेन आणि कागद असता तर हे मत लागलंच नसतं.

करारनामा:
सर्वांचे आभार. तीन रकाने आणि संमतीचं कलम दोन्ही वहीत उतरवलंय, पण येत्या सत्रात नाही. आधी कार्यशाळेलाच जाते. तिची हजेरी बढतीच्या फाईलला लागते, आणि फौजदारी शिकवणारी मैत्रीण सोबत आहे. मेमो बंदच करते. त्याऐवजी मुलांनी वर्गात समोरासमोर बसून करार ठरवायचा, आणि कोणतं कलम का सोडलं ते मला तोंडी सांगायचं. एआय घरी वापरलं तरी हरकत नाही.

उलटतपासणी:
एवढ्या लोकांनी जाऊ नका म्हटल्यावर जाणं म्हणजे अस्सल प्राध्यापक. साठ मुलांची तोंडी घेणार कधी, हा पुढचा धागा काढा.

तळटीप:
जाताय तर स्वतःची एक जुनी प्रश्नपत्रिका न्या आणि तिथल्या वक्त्याला ती सगळ्यांसमोर एआयकडून सोडवायला लावा. उत्तर तुम्ही आणि मैत्रीण वेगवेगळं तपासा, गुण एकमेकींना न दाखवता. जिथे दोघींच्या गुणांत मोठा फरक पडेल, तो प्रश्न तोंडी परीक्षेला ठेवा.

कलमबहाद्दर:
वक्ता कोण आहे? मला बोलावलंय का बघा ना.