मदत हवी आहे: ग्रुपवरची धमकी म्हणजे गुन्हा की नुसतं 'बोलणं'?

इंदूरला सुदामानगरात राहतो, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वडिलांनी बोरिंगच्या खर्चाचा हिशोब मागितला तर एकाने लिहिलं "परत विचारलं तर हातपाय जाग्यावर राहणार नाहीत", मग डिलीट केलं आणि आता म्हणतो मजाक होता, १९(१)(अ) मध्ये बोलायचं स्वातंत्र्य आहे. (संविधान नेमकं अशाच वेळी आठवतं लोकांना!)

स्क्रीनशॉट आहे, ज्या फोनवर घेतला तो तसाच ठेवलाय. पोलीस थान्यात जाऊन आलो, त्यांनी अदमचेक (अदखलपात्र तक्रारीची नोंद) हातात दिला आणि कोर्टात जा म्हणाले. समझोत्याचं करून झालंय, तो सल्ला नको. वडील ७१ वर्षांचे आहेत, संध्याकाळचं फिरणं बंद केलंय त्यांनी.

मी वाचलं ते असं, की २०१५ मध्ये श्रेया सिंघल केसमध्ये आयटी कायद्याचं ६६अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मेसेजचं कलम) रद्द झालं पण धमकीचं कलम वेगळंच आहे, आधी आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) ५०३ आणि ५०६, आणि १ जुलै २०२४ पासून बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) ३५१, त्यात घाबरवायचा किंवा हक्काचं काम करण्यापासून रोखायचा इरादा लागतो. हिशोब मागणं हक्काचंच ना? पण बोलण्यावर बंधनं कशासाठी घालता येतात त्या १९(२) च्या यादीत सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे आहे, एकट्या माणसाला दिलेली धमकी त्यात कुठे बसते ते कळेना.

कोणी वकील असेल तर सांगा, "परत विचारलं तर" अशी अट घातलेली धमकी ३५१ मध्ये धरतात का, आणि 'मजाक होता' म्हटल्यावर इरादा सिद्ध कसा करायचा?