ऑफिसातल्या प्रत्येक पीसीचा बॅकअप सर्व्हरवर घ्यायचा, की पीसीवर काही ठेवूच द्यायचं नाही?

भोसरीकर (धागाकर्ता)
आमचं भोसरीत जॉबवर्कचं वर्कशॉप आहे, ऑफिसात २२ डेस्कटॉप. गेल्या महिन्यात ड्रॉइंगवाल्या पोराच्या पीसीची हार्ड डिस्क गेली. आधी दोन दिवस कटकट आवाज येत होता, त्याला वाटलं पंखा असेल. साडेचार वर्षांची ड्रॉइंगं त्यात. निम्मी जुन्या मेलमधून उपसून काढली. उरलेल्यांसाठी गिऱ्हाइकांना फोन करून "तुमचंच ड्रॉइंग जरा परत पाठवता का" म्हणावं लागलं, तेव्हा जीव अर्धा झाला.

आता साहेबांनी चार डिस्कच्या नॅसला, म्हणजे नेटवर्कवर जोडायच्या साठवणीच्या सर्व्हरला, होकार दिलाय. माझं म्हणणं सरळ आहे: रोज रात्री ९ वाजता सर्व्हरनेच प्रत्येक पीसीवरून डेटा ओढून घ्यायचा, माणसाला विचारायचंच नाही. "दर शुक्रवारी पेनड्राइव्हवर कॉपी करा" हा कागद पाच वर्षं भिंतीला आहे. त्यावर आता फक्त चहाचे डाग वाचता येतात. आमचा नेटवर्कवाला मात्र म्हणतो, पीसींचा बॅकअप घेणं हाच मूर्खपणा. तुमचं मत?

रॅकचा राखणदार
नेटवर्कवाल्याला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा. २२ पीसींचा बॅकअप म्हणजे २२ अडगळीच्या खोल्यांचा बॅकअप. "न्यू फोल्डर ३", "फायनल", "फायनल नक्की", मागच्या गणपतीचे व्हिडिओ, सगळं रोज जपून ठेवणार का?

प्रत्येकाचा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर सर्व्हरकडे वळवा आणि बॅकअप फक्त सर्व्हरचा घ्या. पीसी मेला तर दुसरा लावा, लॉगिन करा, कामाला लागा. आणि जरा हिशेब करा. पीसीमागे २०० जीबी धरले तर ४.४ टीबी. गिगाबिट नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे पहिल्याच फेरीला ११ तास. टेबलाखाली कुठे जुना १०० एमबीपीएसचा स्विच लोंबत असेल तर साडेचार दिवसांहून जास्त. तुमच्याकडे तो असणार, पैज लावतो.

भोसरीकर
आहे. अकाउंट्सच्या टेबलाखाली. पण पूर्ण फेरी एकदाच हो, नंतर फक्त बदललेलं जातं.

आणि तुमच्या सर्व्हरवरच्या फोल्डरातून कॅडची मोठी असेंब्ली, म्हणजे अनेक पार्टच्या फायली जोडलेलं ड्रॉइंग, उघडून बघा एकदा. पार्ट लोड होईस्तोवर पोरगं खाली जाऊन वडापाव खाऊन येतं. दुसऱ्या दिवशी तो फोल्डर "तात्पुरता" डी ड्राइव्हवर आणतो आणि तीन महिने तिथेच काम करतो. तुम्ही कितीही फोल्डर वळवा, माणूस डी ड्राइव्हवर जाणारच. म्हणून बॅकअपने माणसाच्या मागे जायला हवं.

टॅलीवाली
"फक्त बदललेलं जातं" यावर एवढा भरवसा नको. आमच्या हेडक्लार्ककाकांची आउटलुकची पीएसटी फाइल, म्हणजे सगळी मेल जिच्यात साठते ती, १८ जीबीची. एक मेल आली की फाइल बदलली, आणि सॉफ्टवेअर फाइलच्या आतला बदललेला तुकडा ओळखणारं नसेल तर रोज १८ जीबी वाहतात. त्यात काका आउटलुक उघडं ठेवून घरी जातात. शॅडो कॉपी, म्हणजे चालू फाइलचीही त्या क्षणाची प्रत घेणारी विंडोजची सोय, वापरली जात नसेल तर उघडी फाइल उचलताच येत नाही. लॉगमध्ये येतं "१ फाइल वगळली". ती १ फाइल म्हणजे काकांची सगळी मेल. लॉग कोण वाचतं?

आणि तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबांपुरता हा वादच संपलाय. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून कंपनी लेखा नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. आधी नियमात "ठरावीक काळाने" असं होतं.

रॅकचा राखणदार
हिशेबपुस्तकांचा, ताई. काकांच्या नातवाच्या बारशाच्या फोटोंचा नाही. टॅलीचा डेटा मी सर्व्हरवरच ठेवा म्हणतोय.

पगार कमी, सल्ले फार
आम्हा टेबलावरच्यांनाही कोणी विचारा. माझ्या पीसीवर आधारचं स्कॅन, गृहकर्जाचे कागद आणि बहिणीचा बायोडाटा आहे. ठेवायला नको होतं, मान्य. पण घरी प्रिंटर नाही. उद्या हे सगळं नॅसवर गेलं तर ते उघडून बघणार कोण कोण? आमच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आहे.

दुसरं, रात्री ९ ला पीसी चालू असतील कशाला? "जाताना बटण बंद करा" म्हणून साहेब दहा वर्षं ओरडतायत.

भोसरीकर
खासगी कागदांचा मुद्दा बरोबर. त्यासाठी "खासगी" नावाचा एक फोल्डर बॅकअपमधून वगळता येईल, तसं आधीच सांगून टाकू. वीजेचं सोपं आहे, वेक ऑन लॅन लावू. सर्व्हर पीसीला उठवेल, काम झालं की झोपवेल.

पगार कमी, सल्ले फार
आमचे शिपाईमामा जाताना भिंतीवरचा बोर्डच पाडतात. उठवा आता.

भोसरीकर
हे लक्षातच आलं नव्हतं. नेटवर्क कार्डाला मागून वीज नसेल तर उठणार कसं. मग जेवणाच्या सुट्टीत, १ ते २.

वाशिष्ठीकाठचा
रात्री घ्या, दुपारी घ्या, पण तो नॅस ठेवणार कुठे? आमचं ऑफिस चिपळूणला, तळमजल्यावर. सर्व्हर, बॅकअपची डिस्क आणि पीसी एकाच खोलीत. बॅकअप तर अगदी जमिनीलगत, कारण वायर पुरत नव्हती. २२ जुलै २०२१ ला पाणी आलं आणि मूळ, नक्कल दोन्ही एकाच गाळात. रेडच्या दोन डिस्क होत्या, एक गेली तर दुसरी चालेल म्हणून. दोन्ही शेजारी शेजारी बुडाल्या.

वाचली ती एक पोर्टेबल डिस्क. मालक दर शनिवारी डब्याच्या पिशवीत घालून घरी नेत, घर चढावर. तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

रॅकचा राखणदार
हे लाखाचं बोललात. भोसरीकर, आणखी एक ऐका: नॅस प्रत्येक पीसीला झेड ड्राइव्ह म्हणून जोडू नका. पीसीला दिसतं ते रॅन्समवेअरलाही, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही, दिसतं. विंडोजच्या रोबोकॉपीचं मिरर, म्हणजे पीसीची हुबेहूब नक्कल, लावून निवांत बसलेलेही पाहिलेत. पीसीवर उडालं की दुसऱ्या दिवशी सर्व्हरवरूनही उडतं. आरशात चेहरा दिसतो, साठत नाही.

जून २०१७ चा नॉटपेट्या व्हायरसचा हल्ला आठवा. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम ठप्प झालं, आपल्या न्हावाशेवाच्या टर्मिनलसकट. त्यांचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांची नक्कल ठेवून होते, त्यामुळे वेगळा बॅकअप नव्हता. सगळे एकदम पुसले गेले. उरला तो घानामधला एक, तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून. शिपाईमामांना नावं ठेवू नका.

टॅलीवाली
मामांचा पगार वाढवा.

भोसरीकर
तीन आठवड्यांनी परत आलोय. नॅस बसला, पहिल्या मजल्यावर. पीसींना तो दिसत नाही, तोच दुपारी त्यांच्याकडून ओढतो, आणि ३० दिवसांच्या आवृत्त्या ठेवतो. एक डिस्क शनिवारी साहेबांच्या गाडीतून घरी जाते. अकाउंट्सचा स्विच बदलला.

काल परीक्षा म्हणून ड्रॉइंगवाल्या पोराची एक असेंब्ली बॅकअपमधून दुसऱ्या पीसीवर उतरवली. उघडली, पण तीन पार्ट लाल. "फाइल सापडत नाही". शोधलं तर तिन्ही ई ड्राइव्हवर, "टेंप" नावाच्या फोल्डरात. आम्ही बॅकअपला सी आणि डी एवढेच निवडले होते. त्याला ई ड्राइव्ह आहे हे मलाच माहीत नव्हतं.

रॅकचा राखणदार
म्हणून म्हणत होतो, पीसीवर काही ठेवू देऊ नका.

भोसरीकर
म्हणून म्हणत होतो, अख्खा पीसी घ्या.