वाकाचिना (पेरू): ड्यून बगी आणि सँडबोर्डिंग, अनुभवी लोकांनी सांगा

भटकी_कासव:
लिमाहून बसने इकाला आणि तिथून वाकाचिनाला, म्हणजे वाळवंटातल्या तळ्याकाठच्या गावाला, जायचं आहे. सँडबोर्डिंगचा (फळीवरून वाळूच्या टेकडीवरून घसरण्याचा) अनुभव शून्य. फळीवर उभं राहावं की पोटावर झोपावं? आईला कमरेचं दुखणं आहे, तिला बगीत (वाळूच्या टेकड्यांवर पळणाऱ्या उघड्या गाडीत) बसवावं का? आणि कॅमेऱ्याचं काय करायचं?

वाळूचा_खडा:
लिमा ते इका साधारण 300 किमी, बसला साडेचार-पाच तास लागतात. इकाहून वाकाचिना जेमतेम 5 किमी, टॅक्सी मिळते. दुपारी चारच्या सुमाराची बगीची फेरी घ्या: वाळू निवलेली असते आणि शेवटी टेकडीवरून सूर्यास्त दिसतो. भर दुपारी वाळू तळवे भाजते. टेकड्यांवर जायचं शुल्क बरेचदा फेरीच्या भाड्यात धरलेलं नसतं, त्यामुळे ठरवतानाच विचारा आणि सुटे सोल (पेरूचं चलन) जवळ ठेवा.

आईंना बगीत बसवू नका. कडा ओलांडून गाडी खाली झेपावते तेव्हा शरीर सीटवरून उचललं जातं आणि पायथ्याशी आदळतं. तो दणका थेट मणक्यात जातो. मागच्या रांगेत तर फारच. तळ्याकाठी सावली आहे, तिथे त्या आरामात बसतील.

घसरगुंडी:
पहिल्यांदा पोटावरच. फळीच्या खालच्या बाजूला मेण घासा, साधी मेणबत्तीही चालते. प्रत्येक उतरणीआधी पुन्हा घासायचं, कारण वाळू ते खरवडून नेते. मेण संपलं की फळी मध्येच रुतते आणि माणूस पुढे फेकला जातो.

छाती फळीवर, पट्टे दोन्ही हातांनी घट्ट, कोपरं आत. कोपर बाहेर राहिलं तर सोलून निघणारच. पाय फाकवून मागे ठेवा; वेग कमी करायचा तर बुटांची टोकं वाळूत दाबा. हात टेकून थांबायला जाऊ नका, मनगट जातं. तोंड मिटलेलं! आधीचा माणूस पायथ्यावरून बाजूला होईपर्यंत निघू नका.

तिरपी_फळी:
उभ्यानं करायचंच असेल तर फेरीत मिळणाऱ्या वेलक्रोच्या फळ्या विसरा, पाय त्यात हलतो आणि वळणच घेता येत नाही. बाइंडिंगवाली (बूट घट्ट अडकवणारी) फळी वेगळी भाड्याने घ्या. बर्फावर स्नोबोर्ड केलेल्यांची इथे हमखास चूक होते: वजन पुढे टाकतात. वाळूत फळीचं नाक खुपसतं. गुडघे वाकवून भार मागच्या पायावर थोडा जास्त ठेवा. वर चढायला लिफ्ट नसते, हे छातीच्या भात्याला आधीच कळवून ठेवा.

भटकी_कासव:
मस्त! आणि कॅमेरा?

वाळूचा_खडा:
लेन्स बाहेर येणारा कॅमेरा खोलीवरच ठेवा, एक कण आत गेला की लेन्स अडकते. फोन झिपच्या पिशवीत घालून चेनच्या खिशात. वरच्या खिशातला फोन पहिल्याच उडीत जातो. कॉन्टॅक्ट लेन्स नको, बंद गॉगल लावा.

घसरगुंडी:
आणि पोटभर जेवून बगीत बसू नका. पुढचं सांगत नाही.