गिटार वाजवायची इच्छाच गेलीय, परत कशी आणायची?

पत्र्याचा_पिक

नमस्कार मंडळी. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहितोच. मी ३६ वर्षांचा, आयटीत, चिंचवडला राहतो. गिटार वाजवायला लागलो २००७ मध्ये, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलमधल्या एका सीनियरकडून ८०० रुपयांना जुनी घेतली होती. क्लास वगैरे काही नाही, एकमेकांचं बघून शिकलो. एफ कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा तो, स्वच्छ वाजायला मला चार महिने लागले आणि ज्या रात्री वाजला त्या रात्री दीड वाजता रूम पार्टनरला उठवून ऐकवला होता. पुढे नोकरी लागल्यावर एक चांगली ॲकूस्टिक घेतली, रोज ऑफिसातून आल्यावर तासभर तरी व्हायचंच.

मग २०२० चा लॉकडाउन आला आणि मी व्हिडिओ टाकायला लागलो. सुरुवातीला मजा आली, मित्र कमेंट करायचे, अनोळखी लोकही यायला लागले. पण हळूहळू असं झालं की गिटार घेतली की आधी मोबाईलचा स्टँड लावायचा, लाईट बघायची, मग वाजवायचं. एका गाण्याचे तीस तीस चाळीस चाळीस टेक. चाळीसाव्या टेकला गाणं कसलं आहे तेच विसरायला व्हायचं, फक्त कुठे खरखरलं, कुठे बोट घसरलं एवढंच ऐकू यायचं. २०२२ च्या दिवाळीत शेवटचा व्हिडिओ टाकला आणि गिटार केसमध्ये घालून पलंगाखाली सरकवली, ती तिथेच.

मागच्या महिन्यात घर रंगवायला काढलं. रंगवाल्या दादांनी पलंग हलवताना केस बाहेर काढली आणि विचारलं, साहेब, वाजवता का तुम्ही? माझ्या तोंडून निघालं, वाजवायचो. तो शब्द दिवसभर डोक्यातून जाईना.

रात्री केस उघडली तर कुबट वास, तिसरी तार गंजून काळी पडलेली, बोट फिरवलं तर तांबडा डाग उमटला. तशीच सुरात लावली, पूर्वीची चार गाणी वाजवली आणि दहा मिनिटांत परत ठेवून दिली. बोटं दुखली ते ठीक आहे, पण आतून काहीच होत नव्हतं. हात जात होता, मन जात नव्हतं. नंतर तीन चारदा प्रयत्न केला, तेच. आणि दर वेळी डोळा जातो तो समोर मोबाईल कुठे ठेवता येईल तिकडे.

कुणी यातून गेलंय का? रोज अर्धा तास जबरदस्तीने बसायचं का? का नवीन गिटार घेऊ? मनापासून विचारतोय.

तंतुवाद्य_गल्ली

मित्रा, नवीन गिटार अजिबात घेऊ नकोस, आधी आहे तिची तब्येत बघ. मी मिरजेचा, सतारी तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजारात वाढलो, स्वतः गिटार दुरुस्त करतो. आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झंकार, उतरली तर कोणी गवयाला नावं ठेवत नाही, आधी तारांखालची घोडी काढून बघतात. गिटारवाले मात्र सगळं स्वतःच्या अंगावर घेतात, आपलाच हात गेला, आपलंच मन राहिलं नाही. दोन अडीच वर्षं पलंगाखाली, त्यात दोन तीन पावसाळे, म्हणजे लाकडाने पाणी ओढलेलं असणार, पुढची फळी फुगून घोडी वर आलेली असणार आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, लांब गेलेल्या असणार. अशा गिटारवर रोज वाजवणाऱ्याचंही मन लागत नाही.

घरच्या घरी बघ. बाराव्या फ्रेटवर जाड तारेच्या खाली मोजपट्टी लाव, फ्रेट आणि तार यांच्यात अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर पाहिजे, पातळ तारेखाली दोन. चारच्या वर गेलं असेल तर बोटं दुखणारच. मग तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर वाकून बघ, तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट पाहिजे. तिथे व्हिजिटिंग कार्ड जात असेल तर नटच्या, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या, खाचा उंच आहेत, आणि तू जो एफ चार महिने झगडून आणलास ना, तो कदाचित त्याच्यामुळेच इतका अवघड गेला असेल. पुष्कळ नवख्यांचं तसं होतं आणि त्यांना कोणी सांगतच नाही.

दुरुस्ती मोठी नाही. सॅडल, म्हणजे घोडीत बसवलेली तारांखालची पट्टी, काढून तळाकडून घासायचं, बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचं तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं, थोडं थोडं घास, घासलेलं परत येत नाही. नटला मात्र स्वतः हात लावू नकोस, ते कारागिराकडे दे. आणि तारा १२ च्या असतील, म्हणजे सगळ्यात पातळ तार इंचाच्या बारा हजारांश जाडीची, तर १० चा सेट लाव. १२ च्या सहा तारा मिळून लाकडावर सत्तर किलोच्या पुढे ताण देतात, १० च्या बऱ्याच कमी. पातळ तारा लावल्या म्हणजे कमीपणा असं काही नाही. ब्लॅक सबाथ बँडच्या टोनी आयोमीची कारखान्यात दोन बोटांची टोकं गेली, तीही फ्रेट दाबायच्या हाताची, तर त्याने बँजोच्या पातळ तारा लावल्या, पुढे सूरही खाली उतरवला आणि त्यावर आख्खं हेवी मेटल उभं राहिलं.

काळी_चार

तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला, कारण मोबाईल सोडला तर ही माझीच गोष्ट आहे. मुलं झाल्यावर सहा वर्षं गिटार बंद होती. मध्ये मध्ये घ्यायचे, दोन कॉर्ड वाजवायचे, आणि आपण पूर्वी किती छान वाजवायचो याचंच वाईट वाटून ठेवून द्यायचे.

माझी परत सुरू झाली ती सासूबाईंच्या भजनी मंडळामुळे. आमच्याकडे डोंबिवलीला दर गुरुवारी बायका जमतात, पेटी असते, ढोलकी, टाळ. एकदा पेटीवाल्या काकू गावाला गेल्या होत्या तर सासूबाई म्हणाल्या, अगं तुझं ते गिटार आण, नुसता सूर धरायला तरी होईल. मी घाबरतच बसले. त्या गातात काळी चारमध्ये, म्हणजे जी शार्प, मग पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि जी पट्टीतल्या कॉर्डचे शेप धरले. मध्येच कोणाचा आवाज बसलेला असला की त्या पांढरी पाचवर उतरतात, की मी कॅपो काढायचा, शेप तेच. इतकं सोपं. पण भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यात कुठे वाजवायचं आणि कुठे गप्प बसायचं हे शिकायला मला खरंच मेहनत पडली. पहिले दोन गुरुवार मी नुसती मात्रा मोजत होते.

तुम्हाला हे एवढ्यासाठी सांगतेय की तिथे माझ्याकडे कोणीही बघत नव्हतं. डोळे मिटून टाळ वाजवत होत्या सगळ्या. मी चुकले तर टाळांत बुडून जायचं, बरोबर आलं तर एखादी मान हलायची, बस. चाळीस टेकचा प्रश्नच नाही, अभंग पुढे गेलेला असतो. तुमच्या घरात, सोसायटीत कोणीतरी गाणारं असेलच की, आई, बायको, शेजारचे काका. त्यांच्या मागे बसा. रेकॉर्डिंग नको.

घाटवाट

वेगळं मत देतो, राग मानू नये. नाही वाजवावंसं वाटत तर नका वाजवू. मी दहा वर्षं वाजवून सोडली, आता सुट्टीचे दिवस सह्याद्रीत जातात आणि मला काही हुकल्यासारखं वाटत नाही. फक्त एक, गिटार विकू नका लगेच. मी विकली, त्याचं मात्र वाईट वाटतं.

पत्र्याचा_पिक

घाटवाट, राग कसला, मीही हा विचार केला होता. पण "वाजवायचो" म्हटल्यावर जे झालं ना मला, त्यावरून वाटतं की माझं सुटलेलं नाही.

तंतुवाद्य_गल्ली, तुम्ही सांगितलं तसं मोजलं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली साडेचार मिलिमीटर! आणि पहिल्या फ्रेटवर कार्ड आरामात गेलं. मी तीन आठवडे स्वतःला दोष देत बसलो होतो. शनिवारी एका कारागिराकडे देतोय.

मांडवीकाठ

मी गोव्याचा, वय ६१. लग्नाच्या बँडमध्ये वीस वर्षं रिदम गिटार वाजवली, बँड मोडला तेव्हा नऊ वर्षं हात लावला नाही. आमच्याकडे घरात वाद्य असणं म्हणजे मोठी गोष्ट नाही, कोणाच्या तरी घरी मांडो, म्हणजे आमची कोकणी गाणी, गायला बसले की व्हायोलिन, घुमट हे मातीचं तालवाद्य, गिटार आपोआप येतात. तरी नऊ वर्षं मी नुसता खुर्चीत बसून ऐकायचो. कारण केस माळ्यावर होती. शिडी आणा, केस काढा, पुसा, सुरात लावा, इतकं करेपर्यंत उमेद जाते. एक दिवस भाच्याने खाली काढून दिली आणि मी ती हॉलमधल्या खुर्चीशेजारी उभी ठेवली. बस, जाता येता हात जायला लागला. दोन मिनिटं, पाच मिनिटं. बाबा, अर्धा तास जबरदस्ती करू नकोस, ती समोर दिसेल अशी ठेव फक्त.

तंतुवाद्य_गल्ली

काका, तुमचं पटतं, पण गोव्यात काय आणि चिंचवडात काय, जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवली तर फळी परत फुगणार. पावसाळ्यात केसमध्येच, सिलिका जेलच्या पुड्या टाकून.

मांडवीकाठ

मग केस खुर्चीशेजारी ठेवावी आणि कड्या लावू नयेत. पलंगाखाली नको एवढंच माझं म्हणणं.

खर्ज_डी

वरचे सगळे बरोबर आहेत पण मूळ मुद्दा राहतोय असं मला वाटतं. तू परत घेतलीस आणि जुनी चार गाणीच वाजवलीस. तीच गाणी ज्यांचे चाळीस टेक घेतलेस. त्या गाण्यांत आता तुझे कान फक्त चुका शोधणार, दुसरं काही ऐकूच येणार नाही. काही महिने ती बाजूला ठेव आणि असं काहीतरी वाजव ज्यात तुला काहीच येत नाही.

मी काय केलं ते सांगतो. सहावी तार ईवरून डीवर उतरव, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली. आता सहावी डी, पाचवी ए, चौथी डी. म्हणजे सा, प, सा. अंगठ्याने सहावी आणि पाचवी मोकळी छेडत रहा, घरात तंबोरा लागला असं समज. आणि सगळा भूप राग एकट्या चौथ्या तारेवर. मोकळी तार सा, दुसरा फ्रेट रे, चौथा ग, सातवा प, नववा ध, बारावा वरचा सा. म आणि नी नाहीतच, त्यामुळे चुकायला जागाही कमी. एकच बोट वापर. कॉर्ड नाही, पिक नाही, स्ट्रमिंग नाही, एफ तर नाहीच नाही.

पहिल्या दिवशी नुसता सा आणि रे. खरंच सांगतो, रे वर थांब आणि खालचे सा प ऐकत रहा, रे हलायला लागतो, त्याला सा कडे परत जायचं असतं. फ्रेटच्या पट्ट्या मोजत वाजवलं की हे कळत नाही, थांबलं की कळतं. मला कॉर्ड वाजवून बारा वर्षं झाली होती आणि एका स्वरावर मी त्यात कधी थांबलोच नव्हतो. गिटारवर आपलं संगीत होत नाही म्हणणाऱ्यांनी ब्रिजभूषण काब्रांची स्लाइड गिटार, म्हणजे तारांवर कांडी सरकवून वाजवलेली, ऐकावी. विश्वमोहन भट्टांनी तर गिटारचीच मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. आपल्याला तिथवर जायचं नाहीये, पण रस्ता आहे हे माहीत असलेलं बरं.

आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. ट्यूनरसाठीसुद्धा नको, कानाने लाव, नाहीतर छोटा क्लिपवाला ट्यूनर घे.

काळी_चार

भूप म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण! मी पण करून बघते हे, सहावी उतरवून.

पत्र्याचा_पिक

मंडळी, महिना झाला, सांगायला आलोय. सेटअप करून आणली, सॅडल घासून बाराव्या फ्रेटवर अडीच, नटच्या खाचा नीट केल्या, १० चा सेट. कारागिराने हातात दिली तेव्हा सहज एफ धरून बघितला आणि एका झटक्यात सहाही तारा वाजल्या, मी तिथेच दुकानात उभा राहून पाच सहा वेळा वाजवला. केस आता हॉलमध्ये खुर्चीशेजारी आहे, कड्या न लावता, काका.

रात्री जेवणं झाली की मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावतो आणि हॉलमधला दिवा घालवून बसतो. पहिले आठ दिवस सा, रे, ग. इतकंच. तिसऱ्या का चौथ्या दिवशी वाजवून उठलो तर पाऊण तास झाला होता. परवा आई आतून म्हणाली, अरे ते बंद का केलंस, झोप लागत होती छान. आईने इतक्या वर्षांत माझ्या गिटारबद्दल "आवाज कमी कर" सोडून दुसरं काही म्हटल्याचं मला आठवत नाही.

जुनी गाणी अजून वाजवली नाहीत. वाजवावीशी वाटली तर बघू.

खर्ज_डी, एक अडचण आहे. वर जाताना ठीक येतं, पण प वरून ग वर खाली येताना आवाज मध्येच तुटतो, आणि नाही तुटला तर तारेवर खर्रर्र असं वाजतं. काय चुकतंय?

खर्ज_डी

अंतर मोठं आहे, तीन फ्रेटचं, म्हणून घाई करतोयस आणि निघतानाच दाब सुटतोय. सातव्यावर पुन्हा छेड आणि दाब तसाच ठेवून सरक, चौथ्याला पोचेपर्यंत हलका करू नकोस. खर्रर्र येतं ते बोटाचं टोक तारेच्या वळशांवर घासल्यामुळे, बोट थोडं आडवं कर, टोकाऐवजी मऊ भाग टेकू दे. आणि अंगठा मानेच्या मागे घट्ट धरलेला असेल, तो सैल सोड, हात कोपरापासून हलला पाहिजे. आज करून बघ आणि सांग.