विभागातील संशोधनपर व्याख्याने विषय पूर्ण कळत नसताना कशी ऐकावीत?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थी, प्रथम वर्ष)

आमच्या भाषाविज्ञान विभागात दर आठवड्याला एक संशोधनपर व्याख्यान होते. कधी बाहेरून आलेले अभ्यासक बोलतात, तर कधी विभागातलेच संशोधक विद्यार्थी आपले चालू काम मांडतात. एका आठवड्यात वाक्यविन्यास (वाक्यरचनेचा अभ्यास), पुढच्या आठवड्यात स्वनविज्ञान (उच्चारध्वनींचा अभ्यास), त्यानंतर लहान मुलांचे भाषार्जन असे विषय बदलत राहतात, आणि माझी तयारी प्रास्ताविक पाठ्यपुस्तकापुरतीच असल्यामुळे वक्ता सिद्धान्ताकडे वळला की माझा धागा सुटतो. अशा वेळी फक्त आवडीच्या शाखेतील व्याख्यानांनाच जावे का? प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारणे उचित ठरते का? शिवाय विद्यार्थ्यांच्या चर्चासत्रात अपुरे काम मांडावे की ते पूर्ण होईपर्यंत थांबावे, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (वाक्यविन्यासाच्या संशोधक)

पहिल्या वर्षी निवड करू नका. आपली शाखा कोणती हे ठरण्यापूर्वीच दारे लावून घेण्यात काही अर्थ नाही.

सिद्धान्त कळला नाही तरी उदाहरणे सोडू नका, कारण आपल्या विषयातील व्याख्यान उदाहरणांवरच उभे असते. आमच्या शाखेत अनेक वक्ते अजूनही छापील हँडआउट वाटतात, आणि त्याला चांगले कारण आहे: स्लाइड पुढे सरकली की तिच्यावरचे वाक्य डोळ्यांआड होते, पण हँडआउटवरील क्रमांकित वाक्ये शेवटपर्यंत समोर राहतात, त्यामुळे चर्चेत सातव्या आणि बाराव्या उदाहरणाचा मेळ कसा बसतो असे थेट विचारता येते. अनोळखी भाषेतील उदाहरण बहुधा तीन ओळींत दिलेले असते. पहिलीत मूळ वाक्य, दुसरीत पदांची आणि प्रत्ययांची फोड, तिसरीत अनुवाद. ही फोड करण्याचे सर्वमान्य संकेत ‘लाइपझिग ग्लॉसिंग रूल्स’ या नावाने प्रसिद्ध आहेत. ते काही पानांचेच आहेत, ते आधी वाचून घ्या. वाक्याआधी तारका असेल तर भाषक ते वाक्य स्वीकारत नाहीत, आणि प्रश्नचिन्ह असेल तर ते शंकास्पद वाटते, असे समजावे.

मराठी भाषकाला येथे एक मोठी सोय आहे, तिचा उपयोग करा. समजा, भूतकाळातील कर्त्याच्या विभक्तीवर व्याख्यान चालू आहे. ‘त्याने चिठ्ठी वाचली’ यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. ‘तू चिठ्ठी वाचलीस’ यात मात्र ‘ने’ नाही, तरीही ‘वाचली’ हे रूप चिठ्ठीशी जुळते आणि शेवटचा ‘स’ कर्त्याच्या पुरुषाशी, म्हणजे एकच क्रियापद दोघांशी नाते सांगते. वक्त्याचा नियम या वाक्यांना लागू पडतो का, हे तुम्ही जागेवर बसून तपासू शकता. जुन्या मराठीत आणि काही बोलींत ‘मी’चे ‘म्या’ असे रूप येते. प्रथम पुरुषी कर्त्याला विभक्तीचे वेगळे रूप नसते असे कोणी म्हणत असेल, तर ‘म्या’ म्हणणाऱ्यांच्या बोलीत काय घडते, हा प्रश्न प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने विचारला तरी तो तितकाच वजनदार आहे. त्यासाठी सिद्धान्ताची परिभाषा लागत नाही.

उत्तर २ (प्रायोगिक स्वनविज्ञानाचे अध्यापक)

वरील उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, पण आमच्या व्याख्यानांत तारकांकित वाक्ये नसतात, आलेख असतात. आलेख पडद्यावर आला की निष्कर्षाकडे जाण्याआधी दोन्ही अक्षांवर काय मोजले आहे ते पाहावे. स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे ध्वनीच्या आलेखचित्रात, आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर वारंवारता असते आणि गडदपणावरून ऊर्जा कळते. त्यानंतर भाषक किती होते, ते वाचून बोलत होते की सहज संभाषण करत होते, आणि दिसणारा फरक सगळ्यांच्या बोलण्यात आढळतो की दोघातिघांच्याच, हे विचारावे.

मापन आणि भाषेतील भेद यांचे नाते किती नाजूक असते, याचे उदाहरण मराठीतच आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या संशोधकांनी 1964 मध्ये 11 भाषांतील शब्दारंभीच्या स्पर्श व्यंजनांचा (‘प’, ‘ब’, ‘त’, ‘द’ यांसारख्या) अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात मराठीही होती. व्यंजनाचा स्फोट (अडलेली हवा सुटण्याचा क्षण) आणि स्वरतंतूंच्या कंपनाचा आरंभ यांतील कालांतर त्यांनी मोजले. या मापाने बहुतेक भाषांतील व्यंजनवर्ग नीट वेगळे झाले, परंतु हिंदी आणि मराठीतील ‘ब’ व ‘भ’ यांसारख्या घोष (स्वरतंतूंच्या कंपनासह उच्चारल्या जाणाऱ्या) जोड्या केवळ या मापाने वेगळ्या होईनात, कारण दोहोंत कंपन स्फोटाच्या आधीच सुरू झालेले असते. म्हणून ‘आपण हेच माप का निवडले?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तो विचारायला संकोच करू नये.

उत्तर ३ (विभागीय चर्चासत्राच्या संयोजक)

अपुरे काम अवश्य मांडा. परिषदेतील वीस मिनिटांच्या निबंधात निर्णयापर्यंत पोहोचावे लागते. विभागातल्या चर्चासत्रात अडलेली जागा दाखवणे हेच प्रयोजन असते. सामग्री गोळा करून झाल्यावर त्रुटी कळली तर ती दुरुस्त करणे कठीण जाते, पण प्रश्नावली किंवा प्रयोगाचा आराखडा आधी मांडला तर श्रोते ती वेळेत दाखवून देतात. सुरुवातीलाच ‘मला या दोन मुद्द्यांवर मत हवे आहे’ असे सांगा, म्हणजे चर्चा भरकटत नाही. भाषकांकडून ध्वनिमुद्रण घेतले असेल, तर ते सभागृहात ऐकवण्यासाठी त्यांची संमती आहे ना, हे आधी पाहा. ही बाब अनेकदा दुर्लक्षित राहते आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते.

तयारीसाठी व्याख्यानाचा गोषवारा आदल्या दिवशी वाचा आणि त्यातील अनोळखी संज्ञांपैकी एखादी पाहून ठेवा. सगळ्या पाहण्याचा अट्टहास नको.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका उरते: उदाहरणातील एखादे वाक्य माझ्या बोलीत चालते, पण वक्त्याने त्यावर तारका दिली आहे, तर ते व्याख्यान चालू असतानाच सांगावे का?

उत्तर १ च्या लेखिका

पुढचा सगळा युक्तिवाद त्याच वाक्यावर बेतलेला असेल तर हात वर करून लगेच सांगा, अन्यथा क्रमांक टिपून चर्चेच्या वेळी मांडा. ‘हे चूक आहे’ असे न म्हणता ‘माझ्या बोलीत हे वाक्य स्वीकार्य आहे’ असे म्हणा आणि ती बोली कोणती तेही सांगा, कारण वक्त्याच्या भाषकांनी दिलेला कौलही त्यांच्यापुरता खराच असतो.